'धोटा'चा अकरावा अंक

टेबलं दोन मांडायची, हे एकदाचं ठरलं. दोन टेबलं, दोन चादरी, दोन पाट्या आणि मधून माणूस आरामात जाईल एवढी वाट. दशरथ तावड्याने विक्रोळीच्या श्रमिक वाचनालयात स्वतः जाऊन ग्रंथपाल राधा नाईकला बजावलं होतं, "त्याच्या टेबलाला पंख्याखालची जागा दिलीत, तर मला खिडकीजवळची पाहिजे." दुसऱ्याच दिवशी मुलुंडहून त्याच्या धाकट्या भावाचा, चंद्रप्रकाशचा फोन आला, "दादाला खिडकी देणार असाल, तर मला पंखा." चौदा वर्षांत दोघा भावांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. पण ते त्यांना सांगणार कोण? बोलचाल बंद.

वाचनालयाला पंचवीस वर्षं झाली म्हणून हे प्रदर्शन. शहाऐंशी सालचा मार्च, शिमग्याच्या आधीचा रविवार. विषय होता हाताने लिहिलेली पुस्तकं. कन्नमवार नगरातल्या घराघरांतून राधाने भजनाच्या वह्या, दशावताराचे खेळ उतरून घेतलेली बाडं, कोणाच्या आजीची औषधांची वही असं काय काय गोळा केलं होतं. पण त्यातला सरदार होता 'धोटा'.

'धोटा' म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो. दोघा भावांचे वडील अनंत तावडे लालबागच्या गिरणीत विणकर होते, त्यांनी आपल्या हस्तलिखित वार्षिकाला तेच नाव दिलं. दर गणपतीत एक अंक, आणि अंकाची एकच प्रत. मांजरपाटाचं कव्हर, टाकाने लिहिलेली पानं, सीताराम परबाची रंगीत चित्रं. ही एक प्रत चाळीतल्या खोल्याखोल्यांतून फिरायची. तीन दिवसांत वाचायची, शेवटच्या पानावर सही करायची आणि पुढच्या खोलीत द्यायची. अकरा वर्षांत अकरा अंक झाले. अकरावा बांधून तयार झाला आणि गणपतीला पंधरा दिवस असताना अनंतराव गेले.

मग वाटणी झाली. हंडे, पलंग, रेडिओ वाटून झाल्यावर मुलं 'धोटा'वर आली. एकसष्ट साल दशरथला, बासष्ट चंद्रप्रकाशला, त्रेसष्ट पुन्हा दशरथला. शहाण्या माणसांनी एवढी चोख वाटणी केली, पण त्या अंकांतून अनंतरावांची एक क्रमशः गोष्ट चालू होती, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. गोष्टीचा पहिला भाग दशरथबरोबर घाटकोपरला गेला, दुसरा मुलुंडला आणि तिसरा परत घाटकोपरला. चौदा वर्षांत ती कोणी सलग वाचली नव्हती. आणि दहा अंकांची वाटणी झाल्यावर अकरावा शोधायला गेले, तर अकरावा नाहीच!

तो दुसऱ्याने लांबवला, याबद्दल दोघांच्याही मनात तेव्हापासून तीळभर शंका नव्हती.

*

"वहिनी, तुमच्याकडचे काही बोलले का?" अनुपमाने बादलीत पाणी ओतता ओतता विचारलं.

"सकाळपासून एकच वाक्य. 'तो आला की मला सांग, मी तिकडे बघणार नाही,'" कुंदा म्हणाली. "आता तो आला हे कळायला बघायला नको का?"

दोघी जावा दाराशी बादली, साबणाची वडी आणि दोन पंचे घेऊन बसल्या होत्या. वर राधाच्या अक्षरात पाटी होती, 'हात धुऊन पुसा, मग खुशाल पानं उलटा.' काचेच्या पेटीत पुस्तक ठेवायचं राधाला पटत नव्हतं. पुस्तक म्हणजे काय अजगर आहे?

कुंदा दशरथची बायको, अनुपमा चंद्रप्रकाशची. नवऱ्यांचं वैर त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. पाडव्याला आणि दसऱ्याला सासूबाईंची ट्रंक एका घरातून दुसऱ्या घरात जायची, तेव्हा या दोघी ट्रंकेमागोमाग मसाला, सोलं आणि सहा महिन्यांच्या बातम्या देऊन-घेऊन मोकळ्या व्हायच्या. प्रदर्शनाची जाहिरात वाचून राधाला पत्र लिहिलं तेही दोघींनीच. कुंदाने दशरथच्या नावाने, अनुपमाने चंद्रप्रकाशच्या नावाने. राधाचं आभाराचं उत्तर आल्यावर दोन्ही घरांत एकेक दिवस आदळआपट झाली. पण दुसऱ्याचे अंक मांडले जाणार आणि आपले नाही, हे कोणाला चालणार होतं?

"अनु, मला भीती वाटते गं," कुंदा हळूच म्हणाली. "आज इतक्या लोकांसमोर यांची जुंपली ना, तर आयुष्यभर तोंड बघणार नाहीत. आईंची पण बहात्तरी झाली. त्यांच्या डोळ्यांदेखत व्हायला पाहिजे काहीतरी."

"होईल ना. बिनधास्त राहा. नाहीतर आपण दोघी आहोतच की, बादली घेऊन."

तेवढ्यात रिक्षा थांबली. चंद्रप्रकाश आधी उतरला आणि मग त्याने हात धरून आईला उतरवलं. दसऱ्यापासून वनमालाबाई मुलुंडला होत्या. नऊवारी, पांढरा अंबाडा, काखेत भलीमोठी कापडी पिशवी.

"आई, दे ती इकडे. काय दगड भरलेस काय?"

"पोथी हा माझी," वनमालाबाई म्हणाल्या आणि पिशवी त्यांनी दुसऱ्या काखेत घेतली.

"एवढी मोठी?"

"देव मोठो असता, तर पोथी ल्हान कशी असात?"

चंद्रप्रकाश टेलिफोन खात्यात होता. दिवसभर लोकांच्या तारा जोडून द्यायचा. त्याने हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि पंख्याखालच्या टेबलावर बाबांचं अक्षर बघून तो जरा थबकला. त्याचे पाच अंक तिथे ओळीने मांडले होते. पलीकडे खिडकीजवळ दुसरे पाच. त्याला तिकडे बघायचं नव्हतं, पण नजरेला कोण आवरणार? बासष्ट सालच्या अंकाच्या आधी काय होतं, हे तो विसरून गेला होता.

*

दहाला दार उघडलं आणि अर्ध्या तासात हॉल भरला. लालबाग-परळच्या चाळी सोडून इकडे वस्तीला आलेली कितीतरी घरं होती. 'धोटा' त्यांच्या लहानपणी त्यांच्या खोलीत तीन दिवस पाहुणा राहून गेलेला. माणसं शेवटच्या पानांवर आपल्या वडिलांच्या, आयांच्या सह्या शोधत होती आणि सापडली की ओरडत होती. एका बाईने तर सहीला नमस्कारच केला.

आणि मग गोष्टीने सगळ्यांना धरलं.

गोष्टीचं नाव 'ढोल कोणी नेला?' कोकणातलं गाव, वरची वाडी आणि खालची वाडी, दोघांचा मिळून पालखीचा एकच ढोल. शिमग्याच्या तोंडावर ढोल नाहीसा होतो. वरची वाडी म्हणते खालच्यांनी नेला, खालची म्हणते वरच्यांनी. पहिला भाग संपतो तेव्हा वरच्या वाडीचा मानकरी रात्री कंदील घेऊन खालच्या वाडीतल्या गवताच्या उडव्या उपसायला निघतो. 'पुढील अंकी.'

पुढील अंक पंख्याखाली. माणसं खिडकीकडून निघून पंख्याकडे गेली. तिथे मानकऱ्याला कुत्रा चावला. 'पुढील अंकी.' माणसं परत खिडकीकडे आली. पहिल्या घोळक्यामागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा. मधल्या वाटेत ढकलाढकली सुरू झाली. कोणी चौथ्या भागावर, कोणी सातव्या, "अहो, सरका ना, माझा मानकरी तिकडे झाडावर अडकलाय!" खोखोचा सामना चालू असल्यासारखी सगळी पळत होती आणि हसत होती.

दशरथ आपल्या टेबलामागे हाताची घडी घालून उभा होता. संपाने गिरणी गेल्यावर त्याने पंतनगरात वह्या-पेनांचं दुकान टाकलं होतं. गिऱ्हाइकांची गर्दी त्याला कळत होती, ही गर्दी कळत नव्हती. लोक आपल्या टेबलाशी येतात आणि पान उलटून भावाच्या टेबलाकडे पळतात. मग इकडे परत येतात. कोण जिंकतंय तेच समजेना.

"अरे, मेल्यांनो!" गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एक जाड बाई मधेच खुर्चीत बसल्या. "मी पाच वेळा गेले, चार वेळा आले. आता हे पाय पुढे जाणार नाहीत. ती टेबलं एकत्र लावा बघू कोणीतरी!"

"हात लावायचा नाही!" दशरथ म्हणाला.

"हात नाही लावायचा!" चंद्रप्रकाशही म्हणाला.

त्यांचं ऐकतंय कोण? चार जणांनी खिडकीचं टेबल उचललं, "हं, सांभाळून, पाय बघ" करत पंख्याखाली नेलं आणि धाडकन दुसऱ्याला भिडवलं. राधा नाईक पळत आली ती ओरडायला नव्हे, अंक लावायला. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. एका चादरीवरून दुसरीवर, आलटून पालटून. दहा अंक एका ओळीत लागले. दोन्ही पाट्या त्या गडबडीत टेबलाखाली गेल्या.

दशरथला राग यायला हवा होता. तो त्याने मनात शोधला, पण सापडला नाही. ती दहा मांजरपाटी कव्हरं एका रांगेत बघून त्याला बाबांच्या खोलीतली फळी आठवली.

*

वनमालाबाई भिंतीकडच्या खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. पिशवी मांडीवर. दोन्ही हात पिशवीवर.

पिशवीत पोथी नव्हती. अकरावा अंक होता.

मुलांनी वाटणी घातली त्या दिवशी तो त्यांच्या उशीखाली होता. नवऱ्याच्या हातचं शेवटचं म्हणून चार दिवस जवळ ठेवला होता, एवढंच. मुलांनी हंड्यांची वाटणी केली, त्या बघत राहिल्या. मुलांनी अंकांची वाटणी केली, तेव्हाही गप्प राहिल्या. मग मुलांनी आईची वाटणी केली, सहा महिने इथे, सहा महिने तिथे, पाडवा ते दसरा, दसरा ते पाडवा. तेव्हा मात्र त्यांचं मन फार दुखलं आणि त्यांनी ठरवलं, अंक द्यायचा तो दोघं मिळून मागायला आले तरच.

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. त्यांना वाटलं होतं, आठ दिवसांत येतील. आठ दिवसांचे महिने झाले. कुठल्या घरी रेशनकार्ड ठेवलंय ते मुलांनी त्यांना विचारलं. आंब्याच्या लोणच्याला मोहरी किती, विचारलं. गावच्या घराचा सातबारा कुठे आहे, विचारलं. अंक? अंकाबद्दल ते एकमेकांना शिव्या द्यायचे, पण आईला कोणी विचारलं नाही. ट्रंक एकोणतीस वेळा या घरातून त्या घरात गेली. उतरवायला एक मुलगा, चढवायला दुसरा. अंक ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यांखाली.

अनेकदा वाटलं, द्यावा फेकून. पण तावड्यांचा हट्ट या घरात सून होऊन आल्यावर शिकावा लागतो, आणि वनमालाबाई पहिल्याच वर्षी पास झाल्या होत्या.

आज त्यांनी पिशवी बरोबर आणली होती. आज नाही विचारलं तर? तर शेवटचं पान वाचणारी पहिली आणि शेवटची माणूस आपणच, असं त्यांनी सकाळी देवाला सांगून टाकलं होतं. सांगितलं खरं, पण हात मात्र पिशवीवरून हलत नव्हते.

*

सीताराम परब एक वाजता दहिसरहून आला. सत्तरीचा सडपातळ म्हातारा, बोटांवर अजून रंग. 'धोटा'ची सगळी चित्रं त्याची. लोकांनी त्याला टेबलाशी उभं केलं आणि दहावा भाग मोठ्याने वाचायला लावला.

"'दोन्ही वाड्यो वढ्याच्या दोन बाजूक उभ्यो,'" म्हाताऱ्याने आपल्याच थाटात सुरुवात केली. अनंतरावांनी लिहिलं होतं साध्या मराठीत, पण सीतारामच्या तोंडून ते मालवणी होऊनच बाहेर पडत होतं. "'हातात काठ्यो. मधी ढोपरभर पाणी. वरचो मानकरी एक पाऊल फुडे इलो. खालचो मानकरी एक पाऊल फुडे इलो. आणि तितक्यात...'"

"तितक्यात काय?"

"'तितक्यात ढोल वाजलो.'" सीतारामने अंक मिटला. "फुडल्या अंकात."

हॉलमध्ये हा एवढा मोठा आवाज झाला. हसणं, ओरडणं, टेबलावर थापा. "ढोल वाजला? कुठे वाजला?" "अकरावा कुठाय?" "अहो बाई, अकरावा काढा!"

राधाने दोघा भावांकडे बघितलं. आणि दोघांनी, एकाच क्षणाला, एकमेकांकडे बोट केलं.

"त्याच्याकडे आहे!"

पुन्हा हशा. पण दशरथचं तोंड लाल झालं. "कुंदा, त्याला सांग, चार लोकांत खोटं बोलू नको म्हणावं. तेराव्याच्या दिवशी बाबांच्या फळीजवळ कोण उभं होतं?"

"वहिनी, दादाला सांगा," चंद्रप्रकाश म्हणाला, "मी फळीवरचा कंगवा घेत होतो! आणि दुपारी पोटमाळ्यावर कोण चढलं होतं, ते पण विचारा."

"परात काढायला चढलो होतो म्हणावं! वीस माणसं जेवायची होती!"

दोघं तीन फुटांवर उभे राहून कुंदाशी भांडत होते. कुंदा एकदा इकडे मान फिरवे, एकदा तिकडे.

"मी टेलिफोन आहे काय?" ती शेवटी म्हणाली. "सरळ बोला ना."

"सीतारामकाका, तुम्ही सांगा," चंद्रप्रकाश वळला. "अकरावा झालाच नव्हता, असं तर नाही?"

"झालो नाय कसो? कव्हर मी रंगवलंय! लाल ढोल काढलंय त्येच्यार." म्हातारा चिडला. "तुमी काय ता बघा. मी चवदा वर्सां वाट बघतंय. चित्र काढलंय मी, पण लिवलेला वाचूक गावाक नाय माका. अनंता गेलो, अंक गेलो, आता माझी पाळी. मेल्यार वरती जाऊन त्येकाच इचारूचा काय?"

यावर कोणी हसलं नाही. दशरथने मान खाली घातली. चंद्रप्रकाश पंख्याकडे बघत राहिला.

अनुपमा दाराशी पंचा पिळत होती. ती तशीच ओल्या हातांनी आत आली. "मी एक विचारू? एवढ्या वर्षांत तुम्ही देवाला कौल लावलात, काकांना विचारलंत, चाळीतल्या प्रत्येक खोलीत जाऊन आलात. आईंना कोणी विचारलंय का?"

"आईला काय माहीत?" दोघं भाऊ एकदम म्हणाले.

भिंतीकडच्या खुर्चीतून आवाज आला. बारीक, पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा.

"इचारून तर बघा."

चंद्रप्रकाश चमकून वळला. त्याने आईकडे बघितलं, मग तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे. पिशवीच्या तोंडातून मांजरपाटाचा एक कोपरा दिसत होता. तो दोन पावलांत तिच्यासमोर आला. "आई. अकरावा तुझ्याकडे..."

"एकट्याक सांगूचंय नाय मी. दोघांनी इचारा."

"अगं, पण..."

"दोघांनी. एकदम."

सगळा हॉल दशरथकडे बघायला लागला. कुंदाने त्याच्या पाठीत कोपर खुपसलं. तो सावकाश आला आणि भावाच्या शेजारी उभा राहिला. दोघांचे खांदे लागले. एकाचं पोट सुटलं होतं, दुसऱ्याला टक्कल पडलं होतं. आणि दोघं आईसमोर उभे होते ते शाळेला उशीर झाल्यासारखे.

"एक, दोन, तीन म्हणू का?" दशरथने समोर बघतच विचारलं. चौदा वर्षांत भावाला उद्देशून बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"म्हण," चंद्रप्रकाश म्हणाला.

"एक, दोन, तीन. आई, अकरावा अंक कुठे आहे?"

वनमालाबाईंनी पिशवीत हात घातला. लाल ढोलाचं कव्हर बाहेर आलं. सीताराम परबाच्या तोंडून हुंदका फुटला आणि मग हसू फुटलं, आणि नंतर दोन्ही एकदम चालू राहिलं.

"तुझ्याकडे होता?" दशरथ म्हणाला. "चौदा वर्षं?"

"माझ्याकडे खंयचो? सहा म्हयने तुझ्याकडे होतो, सहा म्हयने ह्येच्याकडे. ट्रंक कोण उचली? तूच ना? आणि जड झाली म्हणान बोंबलत पण होतंस."

गुडघ्याला पट्टा बांधलेल्या बाई आधी हसल्या. मग सगळा हॉल. कुंदा आणि अनुपमा एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या. दोघा भावांना हसावं की मेल्याहून मेल्यासारखं व्हावं, ते समजेना. शेवटी चंद्रप्रकाशने दशरथकडे बघितलं, दशरथने चंद्रप्रकाशकडे, आणि मग काही इलाज राहिला नाही.

*

अकरावा भाग दशरथने वाचला.

ओढ्याकाठी सगळे आवाजाच्या दिशेने पळतात. वाडीबाहेर, सगळ्यांच्या वाटेवर, भागू म्हातारीचं खोपट असतं. भागू अंगणात ढोल घेऊन बसलेली असते आणि काठीने वाजवत असते. ढोलाचं कातडं फाटलं होतं. ते कोणी बदलून आणायचं यावरून दोन्ही वाड्या वाद घालत बसल्या, तेव्हा भागूने तो गुपचूप नेऊन नवं कातडं चढवून आणलेला. आणते तर इथे चोरीची बोंब. दोन्ही मानकरी तिच्यावर धावून जातात.

"'म्हातारे,'" दशरथ वाचत होता, "'ढोल तुझ्याकडे होता, तर वर्षभर बोलली का नाहीस? भागूने काठी खाली ठेवली. ती म्हणाली, तुम्ही देवाला विचारलंत. तुम्ही पोलिसाला विचारलंत. दोघांकडे जाताना माझ्या दारावरून गेलात. पण मला...'"

त्याला पुढे वाचवेना. अक्षरं बाबांची होती, पण त्याला ऐकू येत होता आईचा आवाज. त्याने अंक बाजूला धरला. चंद्रप्रकाशने तो घेतला नाही, फक्त दुसरी कड पकडली आणि तिथून पुढे वाचलं.

"'पण मला कोणी विचारलं नाही. आता दोघे मिळून आलात, तर घ्या.' समाप्त."

मग त्या ढोलावर दोन्ही वाड्यांची पालखी कशी नाचली, त्याचं सीतारामने काढलेलं दोन पानभर चित्र होतं. ते सगळ्यांनी उभं धरून बघितलं. कोणीतरी शिमग्याची बोंब ठोकली. राधा नाईकने शांतता पाळा ही पाटी उलटी करून ठेवली.

"बाबांना कसं कळलं गं?" चंद्रप्रकाश आईच्या पायाशी बसला होता. "आपण असे वागणार, ते?"

"तेंका काय कळतला?" वनमालाबाई म्हणाल्या. "तेंचो शेवट अडकलेलो. तीन रात्री डोक्याक हात लावून बसले. मी तांदूळ निवडी होतंय. म्हटलंय, अहो, ढोल भागूकडेच असांदे. शेवट माझो हा. म्हणान तर बघलंय, खरो होता काय. गोष्टीतल्या भागूक एकच शिमगो वाट बघूची लागली. माका चवदा लागले."

दशरथने तिचे दोन्ही हात धरले आणि तो रडला. लोकांत रडला. कुंदाने लोकांकडे पाठ करून त्याच्यासमोर पदर धरला, पण त्या पदराने दशरथ तावडे काही झाकला गेला नाही.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर राधाने अकरावा अंक हळूच मागितला. "मावशी, आठ दिवस इथे ठेवू ना? पोचपावती देते."

"थांब गो बाय. आधी ह्येचो नियम बघ."

वनमालाबाईंनी शेवटचं पान उघडलं. तीन रकाने आखलेले. नाव, तारीख, पुढे कोणाकडे दिला. पहिल्या ओळीत एकच सही होती, एकाहत्तर सालच्या श्रावणातल्या तारखेसकट. वनमाला अनंत तावडे. तिसरा रकाना चौदा वर्षं कोरा.

"पेन दे," त्या म्हणाल्या. दोघा भावांनी खिशातून एकदमच पेन काढलं. आईने एकाचंही घेतलं नाही, राधाचं घेतलं. रकाना एका नावापुरता होता. त्या पानावर ओणवल्या, चष्मा सावरला आणि चौथी पास झालेल्या मुलीच्या मोठ्या, गोल अक्षरांत सावकाश लिहिलं:

दोघांकडे.